मार्थाबाईंचा सलाम

भिंगारमधल्या समस्त लुळ्या, लंगड्या आणि आखडलेल्या मंडळींना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, दानियल मिस्त्रींची करंटपेटी कायमची बंद झाली आहे. कृपया कोणी दुखरा खांदा घेऊन येऊ नये.

मिस्त्री आमचे शेजारी. लष्करी वर्कशॉपात जन्मभर वायरमन. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या बाजारातून एक मोडकी लाकडी पेटी आणून दुरुस्त केली. हँडल फिरवलं की दोन तारांना बांधलेल्या ओल्या फडक्यांतून करंट यायचा. ज्या स्नायूवर फडकी, तो टुणकन उडायचा. माझ्या खांद्यावर प्रयोग झाला तेव्हा हात असा वर गेला, की मिस्त्रींचीच टोपी उडाली. ते खूश! "बगा मास्तर, करंट खोटं बोलत न्हाई!"

खरं तर पेटी होती त्यांच्या बायकोसाठी. अर्धांगवायूने मार्थाबाईंचा डावा हात गेला होता. रोज सकाळी प्रार्थना झाली की मिस्त्री त्या हाताला फडकी बांधायचे. हँडल फिरलं की मुडपलेली बोटं उघडायची.

"मार्था सलाम देती बगा!"

"सलाम न्हाई, चापट हाय. जवळ या जरा!"

मग बाईंची नाडी मंदावली, चक्कर येऊ लागली. मुंबईच्या इस्पितळात त्यांच्या छातीत कातडीखाली ठोके चालू ठेवणारं बॅटरीचं यंत्र बसवलं. निघताना पेटीचा विषय निघाला आणि डॉक्टर दचकले.

"तुमच्या पेटीचा करंट या यंत्राला हृदयाचा ठोका वाटेल. हृदय चाललंय समजून ते गप्प बसेल, मग बाईंचं हृदयही गप्प. हाताला नको, पायाला नको, कुठेच नको. घरातले दिवे, रेडिओ चालतील."

घरी येऊन मिस्त्रींनी पेटी स्वतः फोडली. वर फ्यूजही काढून टाकला. जन्मभर वीज जोडलेल्या माणसाच्या घरात कंदील! बाईंची बोटं मुडपली ती मुडपलीच.

मग आणखी एक लक्षात आलं. मिस्त्री बायकोला हातच लावेनात. पाण्याचा पेला स्टुलावर ठेवून मागे सरायचे. बाईंची वेणी ते घालायचे, ती माझी बायको घालू लागली. शेवटी मी विचारलंच.

"चाळीस वर्सं करंट खाल्लाय, मास्तर. अंगात मुरला आसंल. पेटी फोडली. सवताला कसा फोडू?"

"अहो, माणसाच्या अंगात करंट साठत नाही. आपल्या डॉक्टरांना विचारून आलोय."

"डागतरनं माजं अंग तपासलंय का?"

नाताळच्या सकाळी आम्ही दोघं फराळाचं ताट घेऊन गेलो. मिस्त्री खाटेशेजारी बसले होते. हातांत वर्कशॉपातले कोपरापर्यंतचे काळे रबरी मोजे. बाईंचं एकेक बोट ते हलकेच उघडत होते. सोडलं की ते मिटायचं. पुन्हा उघडायचे, पुन्हा मिटायचं. मी काहीतरी विनोद शोधू लागलो. सापडला नाही.

आणि मार्थाबाई आमच्यादेखत ओरडल्या, "काढा त्यो मोजा! मेले तर मेले. मान्साचा हात हाय का टायर, तेबी कळंना मला!"