धाकटीची अर्धी पाकळी

सेतुमाधवराव मोटरींशी मराठीत बोलत आणि माझ्याशी तमिळमध्ये. मी सांगलीचा, पण भाडेकरू. "घरची भाषा घरच्यांशी," असं ते तमिळमध्येच बजावत.

घरच्या म्हणजे जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या दोन स्टेपर मोटरी, एकेक पाऊल टाकत फिरणाऱ्या. आडवी जाणारी थोरली, उभी जाणारी धाकटी. धाकटी अडखळली की हे कळवळत, "हळू गे बाई! मागें कोण्ही लागलें आहे काय?"

कुंभकोणमच्या पॉलिटेक्निकात मी मायक्रोकंट्रोलर शिकवायचो; म्हणजे पुस्तकातलं फळ्यावर उतरवायचो. या घराण्याने तीनशे वर्षांपूर्वी तिकडे नेलेली मराठी तशीच जपलेली; माझ्या मराठीला मामी, म्हणजे सेतुमामांच्या पत्नी, हसायच्या. "तुमची मराठी कालची पोर हो!"

त्या मोटरी दारात कोलम काढत. कोलम म्हणजे तिकडची रांगोळी. ती सकाळी दारात नसली तर गल्लीला वाटतं, घरात कुणी गेलं. पक्षाघाताने मामींचा उजवा हात गेला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "आम्ही काढतो." मामींनी दार लावून घेतलं. मग मामांनी लाकडी चौकट केली, तिच्यावर तांदळाच्या पिठाचं नरसाळं बसवलं आणि मोटरी हाकायला एक चिप लावली.

चिपच्या पाठीवर काचेची खिडकी होती. आतला प्रोग्राम पुसायचा तर खिडकीला ऊन दाखवायचं. मामा ती गच्चीवर वाळवणात ठेवत आणि मामी खालून ओरडत, "कावळा नेईल हो तुमची विद्या!"

नवा प्रोग्राम भरायला चिप माझ्या प्रयोगशाळेत येई. एकदा मी तो वाचला आणि हरखलो. दुसऱ्याची चूक सापडणं ही मास्तराची पगारवाढच. शेवटच्या पाकळीत धाकटी मध्येच थांबत असे. "थकते बिचारी," मामा म्हणत. थकते कसली! पुढची पावलं प्रोग्रामात लिहिलेलीच नव्हती. मी उठून खाली येईपर्यंत कोलम पुरा दिसे. मला वाटे, मामाच हाताने उरकत असतील. मी ती पावलं लिहून टाकली. न सांगता. उपकार गुपचूप करावेत, कौतुक चारचौघांत घ्यावं.

दुसऱ्या दिवशी त्या कौतुकासाठी लवकर उठून पायरीवर उभा राहिलो. कोलम छापल्यासारखा पुरा झाला. भिंतीला खांदा घासत मामी आल्या. डाव्या हातात पिठाची वाटी. त्यांनी कोलमाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि तशाच आत गेल्या.

मामा माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"अरे गाढवा! तें अर्धें मी तिजसाठीं राखिलें होतें."

चिप पुन्हा वाळवणात गेली. ती कोरी होईपर्यंत मामा स्वतःच उकिडवे बसून कोलम काढत. इतका वाकडा, की मामी उंबऱ्यावर बसून, शिव्या घालत, डाव्या हाताने अर्धा पुसून परत काढत. तो वाकडेपणा खरा की मुद्दाम, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग नवा प्रोग्राम भरताना मी ओळ न् ओळ तपासली. चूक जागच्या जागी होती.

सकाळी खालून मामींचा आवाज आला. "तुमच्या धाकटीस एक पाकळी कधीं जमेल हो?"

"जमेल, जमेल," मामा म्हणाले. "घाई काय आहे?"