बत्तीस पुस्तकांचा तक्ता

"शाळेच्या ग्रंथालयातून एखादं पुस्तक काढून टाकावं का?" या प्रश्नावर इंग्रजीच्या अकरा भावी शिक्षकांकडून अध्यापक महाविद्यालयाने लेखी मत मागवलं. दहा जणांनी 'परिस्थितीवर अवलंबून' एवढं लिहून चहा गाठला. अकरावी मुलगी मात्र पेटून उठली. वर्गात तिला वकीलबाई म्हणत.

सराव पाठांच्या शाळेत ती आठवडाभर ग्रंथालयात ठाण मांडून बसली. ग्रंथपालकाका पुस्तकं काढून देत होते. तिने बत्तीस पुस्तकांचा तक्ता केला: नाव, कुणी बोट ठेवील असं पान, संभाव्य आक्षेप, आणि शेवटच्या रकान्यात ते पुस्तक तरीही मुलांनी का वाचावं, याचं खणखणीत उत्तर.

"एवढं कोण वाचणार गं?"

"पुराव्यानिशी मांडलं की वाचावंच लागतं, काका."

महाविद्यालयाकडे पाठवण्याआधी तिने तक्ता शाळेच्या मुख्याध्यापिकांना दिला. त्यांनी तो न वाचताच टाईप करायला दिला. कागदावर चार रकाने मावेनात. कारकुनाने सगळ्यात लांबलचक रकाना उडवला, म्हणजे शेवटचा.

सोमवारी ती आली, तर कपाटात बत्तीस खिंडारं, आणि काका गोणीचं तोंड शिवत होते. ती तशीच मुख्याध्यापिकांकडे धावली.

"मॅडम, मुलांनी ही पुस्तकं वाचावीत म्हणून मी लिहिलं होतं!"

"हो का? पण आमच्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं हो. तू तर पानासकट दाखवलंस."

"मग परत ठेवा ना!"

"आता कशी ठेवणार? पालकांना यादी गेली. संस्थेच्या बाकीच्या सहा शाळांनीही मागून घेतली."

ती परतली तेव्हा काका खुर्चीत बसले होते. हातात नोटीस. आक्षेपार्ह पुस्तकं वीस वर्षं बाळगल्याबद्दल खुलासा करा.

"मी भांडते, काका. सगळ्यांसमोर सांगते."

"नको गं बाई. निवृत्तीला सात महिने राहिलेत." त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "तुझा हात चांगला आहे. माफी लिहून दे."

तिने पेन उचललं. मग तिने लिहिलं. आपल्याला पुस्तकांतलं काही कळत नाही, यापुढे विचारल्याशिवाय एकही घेणार नाही, वगैरे. काकांनी न वाचताच खाली सही केली.

मुख्याध्यापिकांनी मात्र तिने नेऊन दिलेला तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एक अक्षरही बदललं नाही.

"छान लिहिलंयस," त्या तिला म्हणाल्या. "जूनपासून आमच्याकडे रुजू होशील?"