आष्टीची गाडी पाच मिनिटं उशिरा

रमजानच्या महिन्यात आमचे गफूरमामू खजूर तोंडात घालण्याआधी घसा खाकरतात, मोबाइल ओठांपाशी धरतात आणि म्हणतात, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सिरसाळ्याचा रोजा फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे. गर्दी न करता आधी खजूर, मग पाणी, मग भजी."

मग खजूर.

मामू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. उभी नोकरी एसटीत, वाहतूक नियंत्रक म्हणून. बसस्थानकावर जाळीच्या खिडकीमागे बसून कोणती गाडी कुठे लागली ते भोंग्यावरून सांगायचं, हे काम. निवृत्त झाले तेव्हा खिडकी गेली, भोंगा गेला, आवाज तेवढा राहिला. माझं घर त्यांच्या भिंतीला लागून. 'आंघोळीचं पाणी तापलेलं आहे' हेसुद्धा मला भिंतीतून कळतं. घरात आमची दखनी चालते, पण मामूंनी नोकरीत उचललेली मराठी काही परत जमा केली नाही. घोषणा छापील मराठीत, भांडण सिरसाळ्याच्या.

त्यांना स्मार्टफोन मीच घेऊन दिला. आयुष्यात हौसेनं केलेल्या चुकांतली ही दुसरी. पहिली कोणती ते लिहीत नाही, कारण हे बायको वाचणार आहे.

महिनाभरात मामूंनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, 'रमजान नियंत्रण कक्ष'. सदस्य मोजके. सिरसाळ्यात आम्ही, धारूरला त्यांची मुलगी आणि आष्टीला त्यांची धाकटी बहीण, आमची जैनबखाला. तिघांना तीन वेगळ्या वेळा. "सूर्य काय एका डेपोचा हाय का?" मामू विचारत. "परळीकडनं निघतो. आपल्याकडं आला की धारूरला मिनिटानं अन् आष्टीला पाच मिनिटांनी पोचतो. ज्याच्या त्याच्या फलाटावर गाडी लागंल तवाच उतरायचं."

मी एकदा सुचवलं, की हे सगळं सांगणारं ॲप मिळतं.

"ते ॲप कवा स्टँडवर उभं ऱ्हायलंय का?"

विषय संपला.

वेळेच्या बाबतीत त्यांचं एकच सूत्र. "गाडी उशिरा सोडली तर पब्लिक शिव्या देतं. लवकर सोडली तर पब्लिकच मागं ऱ्हातं. म्हणून उशीर माफ, घाई न्हाई." यासाठी घरात तीन घड्याळं. तिन्हींत फरक पडला तर मामू रेडिओ लावतात, आणि रेडिओत फरक पडला तर रेडिओला दोष देतात. आमच्या शेजारच्या सुमनवहिनी देवापाशी दिवासुद्धा मामूंच्या आवाजावर लावतात. एकदा मामू आजारी पडले तेव्हा विचारायला आल्या, "आज सांज झाली का हो?"

आष्टीची मात्र वेगळी व्यवस्था. नवरा गेल्यापासून खाला एकटीच राहते. मुलगा पुण्यात. दोन वर्षांपूर्वी त्यानं आष्टीतच तिला दोन खोल्यांचं नवं घर बांधून दिलं. मामूंचे गुडघे बसमध्ये चढू देईनात, म्हणून ते घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. खालानं फोनवर सांगितलं, "भाईजान, इथं गावाच्या कडंला अजान ऐकूच येत न्हाई. तुमी सांगतान तवाच मी रोजा सोडते."

झालं. तेव्हापासून मामू आपला खजूर खातात आणि भज्यांकडे पाठ करून पाच मिनिटं उभे राहतात. मग फोन. "आष्टीच्या प्रवाशांनी लक्ष द्यावे." पलीकडून "हां जी" आलं की फोन ठेवायचा आणि गुडघ्यांना विसरून मशिदीकडे पळायचं. नमाजाची रांग उभी राहते तेव्हा मामू चपला काढत असतात.

यंदा अठराव्या रोज्याला मी अक्कल चालवली. मामूंचा घसा बसला होता. तीनदा घोषणा करताना हाल होत होते. मी म्हणालो, "मामू, गावाचं नाव गाळून एकदाच आवाज भरा. मी यादी करून देतो. एक बटन दाबलं की सगळ्यांना एकदम जाईल."

इथं सांगायला हवं, की मी झेडपीच्या शाळेत भूगोल शिकवतो. पृथ्वी फिरते, पूर्वेकडे सूर्य आधी मावळतो, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. त्या संध्याकाळी ते मला आठवलं नाही. मामूंनाही नाही. उपाशी माणसाला सोय लवकर पटते. सहा चौतीसला त्यांनी बटन दाबलं, खजूर खाल्ला आणि खूश होऊन म्हणाले, "लई भारी हाय बे हे!"

पाच मिनिटांनी सवयीनं हात फोनकडे गेला.

"आष्टीच्या प्रवाशांनी..."

"भाईजान, मी तर कवाच सोडला. भजे बी झाले. चाय ठिवलीय."

"कवाच म्हंजे? किती वाजता?"

"तुमी सांगितलं तवा."

मामूंनी फोन खाली ठेवला. तिन्ही घड्याळांकडे पाहिलं. "वेळेआधी सोडली," ते म्हणाले, आणि त्या दिवशी भजी तशीच राहिली.

धारूरच्या मुलीला मी घाबरत फोन लावला. तिचा रोजा शाबूत होता. ती बापाचे आवाज दोन-दोन दिवस ऐकतच नाही.

मौलानांनी समजूत घातली. चुकून झालं, गुन्हा नाही. ईदनंतर खालानं बदल्यात एक रोजा ठेवावा, कजा म्हणून. खाला फोनवर हसली. "एकच तर हाय. धरीन की." पण मामूंनी चौकशी आधीच पूर्ण केली होती. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एका कागदाचा फोटो आला. 'श्री. गफूर शेख यांना कर्तव्यात कसूर केल्याबद्दल आजपासून निलंबित करण्यात येत आहे.' खाली सही, गफूर शेख. पुढच्या मिनिटाला ते ग्रुपमधून बाहेर पडले.

"भूगोलाच्या मास्तरला कोणी तरी सूर्य दाखवा गं," माझी बायको भजी तळता तळता म्हणाली.

आष्टीची जबाबदारी माझ्यावर आली. मी फोनवरून सांगून खालाच्या मोबाइलमध्ये ते ॲप घ्यायला लावलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला झापलं. "ही बाई कोण हाय? दवाखान्यात नंबर पुकारल्यावानी रोजा सोड म्हणती. मला नको." मग आवाज खाली आला. "भाईजान बोलतेत का कोणासंगं?"

बोलत नव्हते. आंघोळीचं पाणी तापलं की नाही ते भिंतीतून कळेना. मामू रोज मुकाट्यानं खजूर खाऊन मशिदीत जात आणि सगळ्यांच्या आधी पोचत. मशिदीतल्या लोकांनी मला विचारलं, मामूंची तब्येत बरी आहे ना?

ईद झाली. खालानं कजा रोज्याचा दिवस कळवला. मामू म्हणाले, "मी बी धरणार. अन् तिच्याकडं जाणार."

"तुमचा कुठं तुटलाय?"

"गाडी माझ्या शिट्टीवर सुटलीय."

गुडघ्यांना सोबत म्हणून मी गेलो. माझा रोजा नव्हता. बीडला बस बदलायची होती. मामू चौकशीच्या खिडकीत डोकावून तिथल्या माणसाच्या चुका काढत होते, तेवढ्यात मी खांबाआड उभा राहून दोन वडे उरकले आणि निष्पाप चेहऱ्यानं परत आलो.

"मिशी पूस," मामू म्हणाले.

चारच्या पुढं आष्टीला पोचलो. घर नीटनेटकं, दारात ओटा, ओट्यापुढं कडुनिंब. मामू पाणी न मागता बाजेवर टेकले. खाला त्यांच्या पायाशी बसून पुण्याच्या नातवाचं सांगत होती, आणि एकदम असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या नमाजाची अजान झाली.

झाली म्हणजे कोसळली. मशिदीचा भोंगा खालाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. फळीवरची स्टीलची झाकणं थरथरली. संपेपर्यंत कोणालाच बोलता येईना.

"जैनब," मामू हळूच म्हणाले, "रोज असंच येतं ऐकू?"

खालानं कोथिंबीर निवडायला घेतली. "न्हाई हो. आज हवा तिकडून हाय."

कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. मामूंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हां, हवा हाय थोडी," ते म्हणाले.

मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. "खाला, मग त्या दिवशी अजान व्हायच्या आत कावून खाल्लं?"

"मला वाटलं मशिदीची लाइट गेली. भाईजान चुकतील असं कोणाला वाटंल?"

"आणि दोन वर्षं अजान ऐकू येत नाही म्हणालात ते?"

"ते अल्ला अन् मी बघून घिऊ. फोन आला की माइकवर बोट धरते, बोलण्यापुरतं काढते." तिनं सुरी खाली ठेवली. "भाभी गेली त्याला चार वर्षं झाली. एवढा मोठा आवाज घिऊन माणूस रिकाम्या घरात बसतो. त्याला 'हां जी' म्हणणारं कोण हाय? तू तर भिंतीपलीकडून नुसता खोकतो."

मी खोकलो.

सूर्य खाली आला. खालानं दस्तरखान अंथरलं, तीन ताटल्या मांडल्या. मामू मांडी घालून बसणार, तेवढ्यात ती म्हणाली, "भाईजान, तुमी बाहेर वट्यावर जा."

"कावून?"

"इथं बसून फोन कसा करतान? घरात रेंज न्हाई."

मामूंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. दोन्ही गुडघ्यांवर हात देत ते उठले आणि बाहेर गेले. खालाचा फोन वाजला. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि फोन कानाला लावला. नेमकी तेव्हाच अजान सुरू झाली. सगळं घर त्या आवाजानं भरून गेलं.

दारातून मला मामू दिसत होते. ताठ उभे, मोबाइल ओठांपाशी, मान किंचित वर. ओठ हलत होते. शब्द एकही ऐकू येत नव्हता. मला नाही, आणि मला खात्री आहे, खालालाही नाही. पण ती फोन कानाशी घट्ट दाबून मान हलवत होती. "हां जी... हां जी..." दुसऱ्या हातात खजूर तसाच.

मामूंचे ओठ थांबले. त्यांनी खिशातून आपला खजूर काढला. मग खालानं तिचा तोंडात घातला.