बिटाचं पाणी आणि दाजींची सही

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. काकडी किसण्यापासून मीठ मोजण्यापर्यंत त्या पेयात माझी एकही चूक नव्हती. पुढे जे रामायण घडलं, त्याला पेय जबाबदार असेल, मी नाही!

मी एका मोठ्या लाँड्रीत मुकादम आहे. तीन हॉस्पिटलांच्या आणि पाच हॉटेलांच्या चादरी रोज आमच्याकडे येतात. धुणं, वाळवणं, मग वाफेच्या रोलरखालून काढणं. उन्हाळ्यात त्या रोलरपाशी उभं राहिलं की आपलीच इस्त्री होतेय असं वाटतं. त्याहून वाईट जागा एकच, बॉयलरची खोली. तिथे एकोणतीस वर्षं माझे दाजी काम करतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान.

मागच्या महिन्यात दाजी बॉयलरसमोर चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "प्रेशर किती आहे?" स्वतःचं नव्हे, बॉयलरचं!

मालकीणबाई वाईट नाहीत, पण त्या घाबरल्या. मला म्हणाल्या, "पुन्हा काही झालं तर मी त्यांना घरी पाठवणार. निवृत्तीला सहा महिने असोत नाहीतर सहा दिवस."

मी दाजींना हे सांगितलं. ते बॉयलरची झडप पुसत राहिले. पुसून झालेली झडप पुन्हा पुसली. स्वतःच्या खोलीतून आजारी म्हणून बाहेर काढलं जाणं त्यांना चक्करेपेक्षा भयंकर वाटत होतं. मला ते बघवेना. ताईच्या लग्नात मी नऊ वर्षांचा होतो, आणि मला सायकल शिकवली ती याच माणसाने.

म्हणून मी मनावर घेतलं. घामाबरोबर अंगातले क्षार जातात, ते परत भरायला हवेत. बाजारातल्या क्षारांच्या पुड्यांत साखर एवढी की चमचा उभा राहील, आणि दाजींना मधुमेह. मी सगळ्यांना जमवून जाहीर केलं, "उद्यापासून पुडी बंद! काकडी, पालक, लिंबू, चिमूटभर मीठ. निसर्गाने सगळं दिलंय!"

"अक्कलही दिलीय म्हणे," डागवाली मावशी म्हणाली.

मावशी डागांच्या टेबलावर बसते. डाग बघून तो कशाचा आणि किती दिवसांचा हे ती सांगते. तिचं बोलणं मी फारसं मनावर घेत नाही.

पहिल्या दिवशीचं पेय हिरवं झालं. ड्रायव्हरने एक घोट घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "साहेब, आज टाकी धुतली का?" पिंप जसंच्या तसं परत आलं.

चव नव्हे, रंग नडतोय, हे मी ताडलं. दुसऱ्या दिवशी बीट आणलं. रंगापुरतं एकच घालणार होतो. पण एका बिटाने पिंप असं काही लाजलं की मी हुरळून पंधरा घातली! पिंप अर्ध्या तासात रिकामं झालं. कोण प्यायलं, कोण नाही, हे कळावं म्हणून सह्यांची वहीसुद्धा ठेवली. आपलं काम पद्धतशीर असतं. पहिली सही दाजींची, ठसठशीत. ते आपली बाटली भरून बॉयलरच्या खोलीत न्यायचे, आणि माझा ऊर भरून यायचा.

आणि मग लाँड्रीत चमत्कार झाला. सगळे अचानक सज्जन झाले! रोलरवरच्या दोघांचं तीन वर्षांचं भांडण होतं, ते एकमेकांना "आधी तू जेव" म्हणू लागले. ड्रायव्हरने सिगारेट सोडली. घड्या घालणाऱ्या बाईंनी सासूला फोन करून माफी मागितली, आणि सासूने घाबरून डॉक्टर बोलावला! कुणी मोठ्याने बोलेना, कुणी हसेना. क्षार भरून निघाले की स्वभाव निवळतो, असा मी निष्कर्ष काढला.

खरं म्हणजे माझाही स्वभाव निवळला होता. कारण सांगतो. आदल्या सकाळी मी मोरीत लघवीला गेलो आणि खाली बघितलं. लाल! हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या माणसाला लाल म्हटलं की एकच गोष्ट सुचते. मी कुणाला काही बोललो नाही. बायकोला सहज म्हणून विम्याचे कागद कुठे आहेत ते दाखवलं. ती म्हणाली, "आज काय एवढं प्रेम उतू चाललंय?"

चौथ्या दिवशी ड्रायव्हरचा बांध फुटला. जेवणाच्या सुट्टीत तो डब्यावरून उठला आणि ओरडला, "मी काही फार दिवसांचा सोबती नाही! मला... मला लाल होतंय!"

मग रोलरवरचा एक पुटपुटला, "मलाही."

"मलाही!"

"अहो, मला तर परवापासून!"

आठ जण! मी नववा, पण मुकादमाने असल्या गोष्टी चारचौघांत सांगायच्या नसतात.

"साथ आलीय!" कुणीतरी किंचाळलं. "हॉस्पिटलच्या चादरींतून आली!" दोघं दाराकडे धावले. घड्या घालणाऱ्या बाई रडू लागल्या, सासूची आधीच माफी मागून झाली होती तरी!

मावशी मात्र जागची हलली नाही. ड्रायव्हरला म्हणाली, "जा, कपात घेऊन ये."

"काय?"

"जे होतंय ते. आण."

तो घेऊन आला. मावशीने पांढऱ्या फडक्यावर थेंबभर टाकलं, वर डाग काढायचं औषध ओतलं आणि वाकून बघत राहिली.

"रक्त असतं तर फसफसलं असतं," ती म्हणाली. "हे बीट आहे. तीस वर्षं डाग काढतेय मी. काही जणांना उतरतं ते असं." मग सावकाश माझ्याकडे वळली. "किती घातली होतीस?"

"पंधरा," मी म्हणालो. "रोज."

त्यानंतर मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. रोलरवरच्या दोघांचं भांडण तिथल्या तिथे पुन्हा सुरू झालं, आणि ड्रायव्हरने माझ्या तोंडावर सिगारेट पेटवली.

मी बॉयलरच्या खोलीत पळालो. दाजींना सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसून हसायला लागले. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे माझंही बीटच! अरे, मी किती घाबरलो होतो. म्हटलं बाईंना कळलं तर आजच घरी बसवतील."

"बीट आहे, दाजी, बीट!" मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. जीव हलका झाला.

ताईच्या कानावर उलटसुलट काही जायला नको, म्हणून मी लगेच तिला फोन लावला. "दाजींना लाल झालं तर घाबरू नकोस गं, ते माझ्या पेयातलं बीट आहे."

"त्यांना कसं होईल?" ताई म्हणाली. "लाल तर मला होतंय! ते तुझं पाणी तोंडाला लावत नाहीत. बाटली रोज घरी येते, टाकवत नाही म्हणून मी पिते. तुझं मन मोडायला नको म्हणून सही तेवढी करतात."



मी वळून बघितलं. दाजी शीळ घालत प्रेशर बघत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "दाजी, कधीपासून होतंय तुम्हाला?"

"झाले की तीन आठवडे," ते म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. पेय सुरू होऊन चारच दिवस झाले होते, आणि आपण ते तोंडालाही लावलेलं नाही हे दाजी सुटकेच्या आनंदात विसरूनच गेले होते. बॉयलर तेवढा धडधडत होता.

"बाईंना सांगू नकोस," ते हळूच म्हणाले.

मी सांगितलं. त्याच मिनिटाला, धावत जाऊन सांगितलं. मालकीणबाईंनी स्वतःची गाडी काढली आणि वाटेत एवढंच म्हणाल्या, "खोली तुमचीच आहे, दाजी. आधी बरे व्हा."

मूत्राशयात गाठ होती, बोराएवढी. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, अजून काही महिने गेले असते तर अवघड होतं. ऑपरेशन झालं, गाठ निघाली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तर दाजी उशीला टेकून बसले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता आभार मानणार.

"रागावू नकोस," ते म्हणाले, "पण तुझं ते पाणी पिण्यापेक्षा ऑपरेशन सोपं गेलं."

मी रागावलो नाही. मला रडू येत होतं. हा माणूस खरंच ते पाणी प्यायला असता, तर मी फोनवर खूश झालो असतो, आणि आम्ही दोघं "बीट, बीट" म्हणून हसत बसलो असतो. आपल्या हातचं कुणी तोंडालाही लावलं नाही म्हणून देवाला हात जोडणारा मुकादम जगात मी एकटाच असेन!