तात्या लेबल वाचतात

भर वैशाखात अंगात रेनकोट, पायात गमबूट, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला फडकं बांधलेला माणूस आमच्या शिवारात दिसला, तर घाबरू नका. ते आमचे सोपानतात्या. तणनाशक मारायला निघालेत. पहिल्यांदा त्यांना बघून माझ्या धाकट्या जावेनं दाराला कडी लावली होती.

तात्या आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. जुन्नर तालुक्यात टोमॅटो पिकवणारे पुष्कळ असतील, पण औषधाच्या बाटलीवरचं लेबल पोथीसारखं वाचणारा हा एकच, आणि तो आमच्या गावचा. नारायणगावच्या दुकानात ते भिंग घेऊन बसतात. मागं गिऱ्हाइकांची रांग लागते. दुकानदार शेठ बिचारे चहा पाजतात आणि म्हणतात, तात्या, गेल्या महिन्यात हेच वाचलं होतं की. तर तात्यांचं उत्तर, तवा निम्मंच झालं व्हतं.

रांगेत कुणी कुरकुरलं की त्यांचं ठरलेलं, "बाटलीला घाई न्हाई, तुला कशापायी?" गवताचं औषध, माणसाला काय होतंय, असं कुणी म्हटलं की संपलंच. लेबलावरचा, विष किती जहाल ते सांगणारा रंगीत त्रिकोण त्याच्या नाकासमोर धरायचा आणि त्या रंगाचा अर्थ त्यानं सांगेपर्यंत त्याला सोडायचं नाही. वारा सुटला की तात्या अर्ध्या सरीत पंप उतरवून बसतात. शेजारच्या रानात बाया टोमॅटो तोडत असल्या, तर पंप पाठीवर चढतच नाही. उरलेलं औषध कुणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेलं दिसलं, तर त्या घरी तात्या तीन दिवस चहा पीत नाहीत. ही साधी शिक्षा नव्हे, कारण गप्पा माराव्यात तर तात्यांनीच.

मलाही हा माणूस एक नंबरचा चक्रम वाटायचा. गेल्या पावसाळ्यात आमच्या बांधावर गवत माजलं होतं. आमच्या ह्यांनी बादलीत तणनाशक ओतलं, मी पाणी घातलं. ढवळायला काठी सापडेना. म्हटलं, मरू दे. बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. माझ्या सासूबाई तसंच करायच्या.

तेवढ्यात तात्या बांध ओलांडून आले. माझं मनगट धरलं, ओढत बोअरच्या नळाशी नेलं आणि साबण लावून, वासरू धुवावं तसा माझा हात धूत बसले. तोडणीच्या बाया फिदीफिदी हसत होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सासऱ्याच्या वयाचा असला म्हणून काय झालं, चारचौघांत बाईमाणसाचा हात धरायचा?

संध्याकाळी तरातरा तात्यांच्या घरी काकूंकडं निघाले, त्यांच्या नवऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन. भांडायचंच होतं मला. काकूंवरही राग होताच. हळदीकुंकवाला कधी यायच्या नाहीत, हात सदा पदराखाली. आम्ही बाया म्हणायचो, लई गर्व हाय.

आत बघते तर तात्या भाकरी थापतायत आणि काकू शेजारी बसल्यात. हात मांडीवर उघडे. तळव्यांना भेगा, बोटं सोललेली, नखं झिजून गेलेली. मी तशीच चुलीपाशी टेकले.

तात्यांनी मान वर केली नाही. "बारा वर्सं पंप मी उचलला. औषध कालवायची ही. हातानं. काठी हुडकाय गेली का मीच वराडायचो, येळ जातोय म्हणून. लेबल तवाबी व्हतं बाटलीवर. म्या वाचलं न्हाई."

मला रडूच कोसळलं. परात ओढत म्हटलं, सरका तात्या, मी थापते. तर देईनात. तिला माझ्याच हातची लागती, म्हणाले. काकू म्हणाल्या, लागती कसली, रोज करपलेली खाते. तिखटामिठानं काकूंचे हात पेटतात, म्हणून तात्यांनी घास कालवून त्यांच्या तोंडात दिला.

तो घास चावत काकू ताठ बसल्या. नवऱ्याकडं हनुवटी करून, पोराचा पहिला नंबर आल्यासारख्या तोऱ्यात मला म्हणाल्या, "सगळ्या गावातल्या बायांचे हात ह्यांनी बादलीतनं भाईर काढले. तू तेवढी राहिली व्हतीस."