पूज्याला पायबंद

घोडा हरवल्याचं नामजिलच्या ध्यानात आलं तेव्हा त्याच्या एका हातात चामड्याचा पायबंद होता, दुसऱ्या हातात खोगीर होतं, आणि जिथे घोडा असायला हवा तिथे नुसता वारा वाहत होता. घोडा स्वतःचा असता तर एवढं बिघडलं नसतं. पण हिवाळ्याने नामजिलचे घोडे पार खंगले होते, म्हणून त्याने तूल नदीपलीकडच्या सासऱ्यांचा मागून आणला होता. सासरे म्हणजे गोंबोसुरेन. लग्नात सगळ्यांदेखत त्यांनी जावयाला बजावलं होतं, "ज्याला घोडा सांभाळता येत नाही, त्याला माझी मुलगी काय सांभाळता येणार?" आणि आज ते घोडा परत न्यायला येणार होते.

"पायबंद नीट आवळला नव्हतात ना?" बायको दुलमाने तंबूच्या दारातून विचारलं.

"आवळला होता गं. जरासा सैल. बिचाऱ्याला चरता यावं म्हणून."

"मग चरतोय आता मनसोक्त! बाबांना मी काही सांगायची नाही हं. तुमचं तुम्ही निस्तरा."

खुरांच्या खुणा टेकडी चढून थेट ताखींच्या, म्हणजे रानघोड्यांच्या, राखीव रानात गेल्या होत्या. नामजिल खोगीर खांद्यावर टाकून मागावर निघाला. वेशीवरच रानाचा राखणदार चोइनझिन भेटला.

"दिसतो कसा तुमचा घोडा?" चोइनझिनने विचारलं.

"पिवळट. बुटका. आयाळ कातरून ताठ उभी केलेली."

चोइनझिनने दरीकडे बोट केलं. खाली ताखींचा कळप चरत होता. सगळे पिवळट, सगळे बुटके, आणि आयाळी जन्मापासूनच ताठ उभ्या.

"नाव काय त्याचं?"

"पिवळ्या," नामजिल पडेल आवाजात म्हणाला.

आमच्याकडे घोड्याला नाव ठेवत नाहीत, रंगावरूनच हाक मारतात. इतकी वर्षं त्यात कुणाचं अडलं नव्हतं.

"तो बघ, तो कडेचा! माझ्याकडेच बघतोय!" नामजिलने फास लावलेली लांब काठी सरसावली. "तोच तो."

"नामजिलभाऊ, काठी खाली!" चोइनझिन किंचाळला. "ताखी म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? पूज्य! ज्याची पूजा करायची तो! रानातनं पार नाहीसे झाले होते हे. परदेशातून विमानाने परत आणले तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांनी रडत रडत दूध शिंपडलंय यांच्या वाटेवर. आणि तुम्ही देवाला फास टाकणार?"

"अरे, पण तो देव नाही, माझ्या सासऱ्याचा घोडा आहे!"

"मांडीवर मालकाने दिलेला डाग दाखवा, आणि खुशाल न्या."

मांडीवर हिवाळ्याची लोकर इतकी दाट होती की खाली डाग होता की नव्हता ते देवच जाणे, आणि देव तर समोर गवत खात होता. जवळ जावं तर कळप तितकाच पुढे सरके. नामजिलने शीळ घातली, गोंजारणीचे शब्द वापरले, शेवटी चक्क शिव्या घातल्या. सकाळची दुपार झाली. ताखी म्हणजे पूज्य, आणि नामजिलच्या पदरातही तोवर पूज्यच पडलं होतं. म्हाताऱ्याला काय तोंड दाखवू, या विचाराने त्याला खरोखर रडू फुटलं.

अखेर तो तंबूकडे पळाला आणि वाडगाभर दूध घेऊन आला. टोपी काढून तो गुडघ्यांवर बसला, पायबंद पाठीमागे लपवला, आणि वाडगा पुढे धरून सरकू लागला. "पिवळ्या, माझ्या राजा, ये रे. माझा संसार तुझ्या हातात आहे. पाया पडतो तुझ्या."

"कुणाच्या पाया पडताय, जावईबापू?"

आवाज मागून आला होता. नामजिलने वळून पाहिलं. गोंबोसुरेन घोड्यावर बसले होते. घोडा पिवळट होता, बुटका होता, आणि त्याने नामजिलला लगेच ओळखून फुर्रर्र केलं. पायबंद सुटताच तो टेकडी ओलांडून, रानातून आडवा, सरळ आपल्या घरच्या कुरणात गेला होता. गेले कित्येक तास नामजिल परक्याच जनावराची मनधरणी करत होता.

"पूजा करतोय, बाबा," तो कसाबसा म्हणाला. "ताखी म्हणजे पूज्यच ना. म्हटलं, जवळ राहतो, तर नमस्कार करावा."

"वा! आणि हातात पायबंद कशाला?"

"तो... वाहायला आणलाय."

"मग वाहा की!"

नामजिलने आपला एकुलता एक चांगला पायबंद टेकडीवरच्या दगडांच्या देवस्थानावर वाहिला आणि वर दूध शिंपडलं. सासऱ्यांनी भक्तिभावाने हात जोडले, मग लगाम वळवला.

"बाबा," नामजिल चाचरत म्हणाला, "पुन्हा कधी घोडा लागला तर...?"

"यांच्याकडेच मागा. तुमचं इथे चांगलं जमलेलं दिसतंय," म्हातारा म्हणाला आणि टाच मारून दौडत गेला.

घरी जायला पायपीट होती, आणि खोगीर वेशीवर पडलं होतं. नामजिलने ते उचलून डोक्यावर घेतलं. शेजारीच चोइनझिन नव्याने आलेल्या पाहुण्यांना माहिती देत होता, "हा प्राणी आमच्याकडे पूज्य आहे. त्याने आजवर खोगीर म्हणून चढवून घेतलेलं नाही."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग एकेकाची नजर नामजिलच्या डोक्याकडे गेली.