अभ्यंकरांचं क्लीव्हलंड

अभ्यंकर राहतात जपानात, पण कचरा टाकतात अमेरिकेच्या पद्धतीने.

टोकियोतल्या ओजिमात आमची दारं शेजारीशेजारी. मी माझ्या मुलाकडे, ते त्यांच्या. इथे जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. अभ्यंकर सगळं एकाच पिशवीत कोंबतात. मग कचरा नेणारे तिच्यावर 'चूक' म्हणून स्टिकर चिकटवतात, पिशवी खालीच राहते आणि त्यांची सून चरफडत ती वर आणते.

"अहो, शोभतं का हे?" मी विचारलं.

"सराव करतोय, सुमनताई. क्लीव्हलंडला एकच डबा असतो. पाहिलंय मी."

पाहिलंय कुठे, तर टॅबवर. त्यांच्या मुलाची बदली क्लीव्हलंडला होणार होती. बाबांना बरोबर न्यायचं की पुण्याला परत पाठवायचं, हे ठरत नव्हतं. घरात तो विषय निघाला की सगळ्यांना कामं आठवायची. तेव्हा अभ्यंकरांनी त्या गावाच्या जुन्या जाहिरातीच्या फिल्मा शोधून काढल्या. आमच्या दोघांच्या जन्माच्या वेळच्या. आमच्या गावी या, कारखाना काढा, घर बांधा, असं सांगणाऱ्या.

"नव्या गावात माहितगार माणूस लागतोच," ते म्हणायचे. "मला सोडून जातील कसे?"

मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी कळत नाही. पण अभ्यंकर फिल्ममधल्या माणसासारखा आवाज काढून मराठीत सांगतात. "रुंद रस्ते! प्रशस्त वाहनतळ!" हे ते लिफ्टमध्येसुद्धा म्हणतात. बरोबरचे जपानी लोक मान लववतात. दुसरं काय करणार?

सुनेला त्यांनी सांगून ठेवलं, "तिथल्या स्टेशनसमोरच्या दुकानात तुला हॅट घेऊ."

"बाबा, मी हॅट घालत नाही."

"घालशील. तिथे सगळ्याच घालतात."

सात वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, तिथे कलर्स का नाहीत?"

"धूर आहे गं तो. कारखाने जोरात चाललेत."

गेल्या आठवड्यात मुलाने एकदाचं सांगितलं, "आधी आम्ही तिघं जातो, बाबा. तुमचं मग बघू."

दुपारी अभ्यंकरांनी मला हाक मारली. फिल्म चालू होती, पण आवाज बंद. त्यांचाही. एक कुटुंब बागेत बसून खात होतं. त्यांनी चित्र थांबवलं.

"तुमची नजर चांगली आहे. यात कुठे आजोबा दिसतो का बघा. मी सगळ्या फिल्मा पाहिल्या, मला सापडत नाही."

मी चष्मा पुसून नीट बघितलं. बाप होता, आई होती, दोन मुलं होती. कुत्रासुद्धा होता. आजोबा नव्हता. उगाच बरं वाटावं म्हणून बोलायची मला सवय नाही.

"नाहीये," मी म्हटलं. "पण कॅमेरा कुणीतरी धरला असेलच की."

 अभ्यंकरांनी फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.